राजापूरचे इंग्रज, महाराज आणि न विकलेल्या तोफा

मार्च १६६२ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेतल्या वखारीतून एक पत्र निघालं. ज्यांना लिहिलं होतं ते राजापूरच्या वखारीतले इंग्रज, आणि ते तेव्हा शिवाजी महाराजांच्या कैदेत होते. वर्ष उलटून गेलं, आमच्या सुटकेसाठी कंपनी काहीच करत नाही, असं त्यांनी कळवळून लिहिलं होतं. वरिष्ठांनी जे उत्तर धाडलं त्याचा आशय असा: तुम्ही तुरुंगात का पडलात हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. कंपनीचा माल वाचवताना काही तुम्ही सापडला नाहीत. पन्हाळ्याच्या वेढ्यात गेलात, इंग्रजांचं म्हणून सगळ्यांना ओळखू येणारं निशाण लावून गोळे फेकलेत, म्हणून ही वेळ आली.

मी मूळची राजापूरची. नोकरीत सगळी वर्षं विम्याचे दावे तपासण्यात गेली. कोणी काय मागितलं, कशाच्या आधारावर मागितलं आणि शेवटी हातात काय पडलं, याच क्रमाने मला कागद वाचायची सवय आहे. निवृत्तीनंतर इंग्रजांच्या वखारींचा शिवकाळातला छापील पत्रव्यवहार वाचायला घेतला तोही तसाच. आणि लक्षात आलं की पन्हाळ्यावर झाला तो या प्रकरणाचा फक्त पहिला अंक होता. पुढे चौदा वर्षं दोन्ही बाजूंमध्ये तोफगोळे, भरपाई आणि आशा यांची देवघेव चालली होती.

सुरुवात पाहा. १६५९ च्या अखेरीस अफझलखानाचा निकाल लागला, पन्हाळा महाराजांकडे आला आणि मराठी फौज राजापुरापर्यंत पोचली. बंदरातल्या मालावरून तंटा झाला आणि जैतापूरला कंपनीचा दलाल आणि फिलिप गिफर्ड नावाचा इंग्रज पकडला गेला. राजापूर वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन. त्याने फेब्रुवारी १६६० मध्ये मोठं गोड पत्र लिहिलं: आमची तुमची मैत्री आहे, आमची माणसं सोडा, दंडाराजपुरी घ्यायला आमची जहाजं तुम्हाला समुद्राकडून मदत करतील. दंडाराजपुरी म्हणजे सिद्दीचं ठाणं, समोर जंजिरा. महाराजांना नेमकं काय हवं आहे हे रेव्हिंग्टनने अचूक हेरलं होतं.

आणि दोनच महिन्यांनी हाच रेव्हिंग्टन उखळी, म्हणजे गोळे उंच फेकणाऱ्या, तोफा नि गोळे घेऊन पन्हाळ्याला वेढा घालणाऱ्या विजापूरच्या सरदाराच्या, सिद्दी जौहरच्या छावणीत दाखल झाला. महाराज गडावर अडकलेले. विजापूरकडे कंपनीची येणी थकलेली होती, तोफगोळे खपवायचे होते, आणि मराठे हरणार असा त्याचा हिशेब होता. तो साफ चुकला. जुलैमधल्या त्या रात्री महाराज निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली. हे शाळेपासून आपल्याला पाठ आहे. मार्च १६६१ मध्ये महाराज स्वतः राजापुरावर आले, वखार लुटली, खणली गेली आणि इंग्रज कैद झाले. उरलेल्यांची सुटका व्हायला १६६३ साल उजाडलं.

मला या कैदेचा एक भाग फार महत्त्वाचा वाटतो. कैदेत असताना या इंग्रजांना विचारलं जात होतं ते दंडाराजपुरीबद्दल. मदत करा, सुटाल. लोकांना वाटतं की महाराजांनी राजापूरला सूड घेतला आणि विषय संपला. कागद तसं सांगत नाहीत. गोळे फेकल्याची शिक्षा झालीच, पण जे तंत्र शत्रूच्या बाजूने वापरलं गेलं ते आपल्याकडे कसं येईल याचा विचारही त्याच वेळी सुरू होता. समुद्रातला जंजिरा शिड्या आणि तलवारींनी पडणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल?

कल्याण-भिवंडीला आरमार बांधायला घेतलं तेव्हा पोर्तुगीज कारागिरांचा असाच अनुभव आला होता. रुय लैतांव व्हिएगश आणि त्याची माणसं गलबतं बांधत होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कान भरले, आणि ती माणसं काम टाकून गुपचूप निघून गेली. तोफ असो, गलबत असो वा ते बांधणारा हात, युरोपीय सत्तांच्या लेखी शेजारच्या राजाला हे मिळू देणं किंवा न देणं हा राजकारणाचाच भाग होता.

१६६८ मध्ये मुंबई कंपनीकडे आली आणि सगळं गणित बदललं. मुंबईला तांदूळ आणि जळाऊ लाकूड समोरच्या मुलखातून यायचं, आणि तिथे अंमल महाराजांचा. कंपनीचा मोठा व्यापार मात्र सुरतेत, म्हणजे औरंगजेबाच्या राज्यात. जंजिऱ्याचा सिद्दी औरंगजेबाचा चाकर झालेला, त्याचं आरमार पावसाळा काढायला मुंबईच्या बंदरात जागा मागायचं. महाराजांना तोफा द्याव्यात तर सुरतेचा व्यापार जाणार. तोंडावर नाही म्हणावं तर मुंबईची चूल अडणार आणि राजापूरच्या लुटीची भरपाई बुडणार. शिवाय जंजिरा महाराजांच्या हाती गेला तर मुंबईच्या तोंडाशीच त्यांचं बलाढ्य आरमार उभं राहणार, ही भीती वेगळीच.

१६७१ मध्ये महाराजांचा वकील मुंबईला गेला. राजापुरात पुन्हा वखार घाला, असं निमंत्रण होतं. त्यामागे काय आहे हे सुरतेच्या कौन्सिलने लगेच ओळखलं: दंडाराजपुरीसाठी त्यांना उखळी तोफा, गोळे आणि दारू हवी आहे. त्यावर बोलणी करणाऱ्यांना जी सूचना गेली ती मी कितीदा तरी वाचली आहे. उत्तेजन देऊ नका आणि स्पष्ट नकारही देऊ नका. आशा जिवंत ठेवा आणि आपली भरपाई वसूल करा. सुरतेचा प्रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा तिथला प्रमुख, होता जेराल्ड ऑन्जिए, मुंबईची घडी बसवणारा म्हणून ज्याचं नाव घेतात तो. त्याच्या हुशारीबद्दल शंका नाही, पण हे वाचताना माझा संताप होतो. ज्यांच्यावर तुम्ही गोळे फेकलेत त्यांनाच गोळे विकण्याचं गाजर दाखवून, गोळे फेकल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता?

पण महाराज या गाजराला भुलले नाहीत. तेही भरपाई नाकारत नव्हते आणि देतही नव्हते. १६७२ मध्ये कंपनीतर्फे लेफ्टनंट उस्टिक येऊन रिकाम्या हाताने परत गेला. १६७३ मध्ये थॉमस निकल्स रायगडावर आला, त्यालाही गोड शब्दांपलीकडे फारसं काही मिळालं नाही. दरम्यान महाराजांनी फ्रेंचांशी सौदा केला आणि तोफा नि शिसं मिळवलं. तोफांचा आकडा ऐंशीच्या घरात सांगतात. इंग्रजांच्या पत्रांत यावरून चडफड दिसते. बाजारात दुसरा दुकानदार असताना एकाच्याच दारात ताटकळायचं कशाला?

मग आलं १६७४. कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मे महिन्यात मुंबईहून निघाला आणि रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला येऊन थांबला. दुभाषी नारायण शेणवी, आणि दरबारातला संपर्क निराजीपंत. सिद्दीशी तह करा, अशी गळ ऑक्झिंडेनला महाराजांना घालायची होती. तो विषय महाराजांपुढे काढूच नका, त्याचा काही उपयोग होणार नाही, असं निराजीपंतांनी त्याला आधीच सांगितलं. ६ जूनला राज्याभिषेक झाला, ऑक्झिंडेनने नजराणा दिला, त्यात हिऱ्याची अंगठी होती, आणि त्याच महिन्यात तह झाला.

तहात वीस कलमं. मी त्यातल्या दोन नकारांवर बराच वेळ थांबले. इंग्रजांचं नाणं राज्यात चालावं, हे त्यांनी मागितल्यासारखं मान्य झालं नाही. रयतेने घ्यावं तर घ्यावं, सक्ती नाही. आणि किनाऱ्यावर फुटलेली इंग्रजांची जहाजं परत द्यावीत, हेही नाही. कारण सरळ दिलं: कोकणच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज राजाचं ही जुनी वहिवाट आहे, ती तुमच्यासाठी मोडली तर उद्या फ्रेंच आणि डच तेच मागतील. राज्याभिषेकाच्या गर्दीत, इतक्या धामधुमीत, कलमाकलमावर किती बारीक नजर होती! तोफगोळ्यांचं कलम मात्र वीसात कुठेच नाही. ज्याभोवती ही सगळी वर्षं बोलणी फिरली, ते दोघांनीही कागदावर येऊ दिलं नाही.

आणि भरपाई? इथे माझ्यातली दावे तपासणारी जागी होते. रक्कम ठरली १०,००० होन (होन म्हणजे सोन्याचं नाणं), पण रोख नाही. इंग्रजांनी तीन वर्षं दरसाल ५,००० होनांचा माल महाराजांकडून घ्यायचा आणि निम्मीच किंमत द्यायची. म्हणजे ७,५०० होन त्यातून वळते झाले. राहिलेले २,५०० राजापूरच्या जकातीतून सूट म्हणून. खजिन्यातून एक नाणं बाहेर जात नाही, उलट नाणंच आत येतं. इंग्रजांना भरपाई हवी तर राजापुरात वखार घालावी लागते, माल उचलावा लागतो, बंदर चालू ठेवावं लागतं. मी अनेक तडजोडी जवळून पाहिल्या, पण देणेकऱ्याला इतकी सोयीची आणि तरीही मागणाऱ्याला नाकारता न येणारी दुसरी पाहिली नाही.

वसुली अर्थातच रखडली. राजापूरची नवी वखार सुरू झाली, आणि तिथून पुढची पत्रं माल वेळेवर मिळत नाही, अधिकारी आज-उद्या करतात, अशा तक्रारींनी भरलेली आहेत. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांची गलबतं नि मराठी आरमार समोरासमोर लढलं. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली, आणि राजापूरच्या होनांचा तगादा महाराजांच्या पश्चात संभाजी महाराजांच्या दरबारात गेला.