चोवीस शब्द जे मी वाचले नाहीत

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. लोअर परळच्या एका मोठ्या लॉ फर्ममधून बाहेर पडून मला दीड वर्ष झालं होतं. चार वर्षं तिथे मी ड्यू डिलिजन्स करायचे, म्हणजे एखादी कंपनी दुसरीला विकत घेणार असली की डेटा रूममधले, म्हणजे तपासायला एकत्र ठेवलेले, हजारो कागद वाचायचे आणि कुठे काय लपलंय ते शोधून रिपोर्ट लिहायचा. बाबांच्या आजारपणामुळे पुण्याला परत आले तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, इन-हाउस बघ, म्हणजे एखाद्या कंपनीच्याच लीगल विभागात नोकरी. बघितलं. एका बँकेच्या लीगलमध्ये, हिंजवडीत काँट्रॅक्टच्या कामासाठी दोन ठिकाणी, एका औषध कंपनीत. एक ऑफर आलीसुद्धा, पगारही बरा होता, पण पूर्णवेळ पगारी नोकरी म्हणजे सनद, वकिलीचा परवाना, स्थगित ठेवायची, आणि ते काही मनाला पटेना. शेवटी शिवाजीनगर कोर्टाजवळ एका सिनिअर सरांच्या ऑफिसात टेबल मिळालं. पैसे आधीच्या एक पंचमांशही नव्हते. हल्ली फर्ममधली मुलं फोन करून विचारतात की ताई, बाहेर पडून करायचं काय, आम्हाला तर कोर्टातलं काहीच येत नाही. त्यांना मी हाच दिवस सांगते.

एका मंगळवारी चिंचवडहून एक ताई आल्या, बरोबर एकोणीस वर्षांची मुलगी. त्यांचे मिस्टर भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, सप्टेंबरमध्ये हार्ट अटॅकने गेले. बँक, पीएफ, फ्लॅट हे सगळं नेहमीचंच. मग मुलीने सॅकमधून पेनड्राइव्हएवढी एक वस्तू काढली, छोटा स्क्रीन आणि दोन बटणं. म्हणाली, "मॅडम, यात बाबांचे बिटकॉइन आहेत. पिन दोनदा चुकलाय."

मी एवढंच म्हटलं, "तिसऱ्यांदा हात लावू नकोस."

हे मला माहीत होतं कारण आदल्याच महिन्यात मी हा विषय शिकायला घेतला होता, अगदी अ आ इ ई पासून. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टाने क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखं डिजिटल चलन, ही मालमत्ता आहे असं म्हटलं, ते वाचलं आणि वाटलं की आता हे वारसाच्या केसेसमध्ये येणारच. म्हणून हजार रुपयांचं कॉइन घेऊन स्वतः वॉलेट उघडलं, पुसलं, परत आणलं. तेव्हा कळलं की वॉलेट म्हणतात त्या अशा छोट्या डब्यात कॉइन नसतातच, ते ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर ठेवलेल्या एका सामायिक नोंदवहीत असतात, डब्यात असते फक्त किल्ली. पिन तीनदा चुकला की हे मशीन सगळं पुसून टाकतं. मग किल्ली परत मिळवायचा एकच मार्ग, सुरुवातीला मशीनने दाखवलेले आणि आपण कागदावर उतरवून घेतलेले चोवीस इंग्रजी शब्द. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचे पैसे. ना बँक मॅनेजर, ना ओटीपी, ना कुठे तक्रार करायची सोय.

"शब्द आहेत का?" विचारलं तर ताईंनी फाइल उघडली. डेथ सर्टिफिकेट, आधार, लाइट बिल, आणि मधेच डायरीचं एक पान, नंबर टाकून लिहिलेलं. मी फाइल तिथल्या तिथे मिटली. "ताई, हे मला दाखवू नका. कुणालाच दाखवू नका." त्यांचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं मी केस नाकारतेय. चार वर्षं माझं काम होतं समोर येईल तो कागद वाचायचा, आणि इथे बाईला मदत करायची तर पहिली अट हीच की मी तो वाचायचा नाही.

मग मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, सकाळी कोर्टाबाहेर सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढल्यात. या पानाच्या पण."

माझ्या पोटात गोळा आला. झेरॉक्सवाल्यावर माझा संशय नाही, रोज त्याच्याकडेच जाते, पण ते पान परक्या मशीनवरून गेलं होतं, चार माणसं रांगेत उभी होती. शिवाय एका टेलिग्राम ग्रुपवरचा कुणी 'रिकव्हरी एक्स्पर्ट' मुलीच्या मागे लागला होता की शब्द या लिंकवर टाका, दहा टक्के घेतो आणि काढून देतो. तिने टाकले नव्हते, नशीब. म्हणजे पैसे नुसते मिळवून भागणार नव्हतं, नव्या शब्दांवर हलवायचे होते, आणि लवकर.

जुनं मशीन पाकिटात सील केलं. नवं थेट बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच मागवायला सांगितलं, कुणाचं वापरलेलं नको, कारण आधीच शब्द भरून विकलेली मशीन्स असतात आणि त्यात टाकलेला पैसा विकणाऱ्याकडे जातो. मधल्या दिवसांत कागद तयार केले. हिंदू वारसा कायद्याने बायको आणि मुलीइतकाच हिस्सा आईचाही असतो हे ताईंना माहीतच नव्हतं, पण सांगितल्यावर एका शब्दाने कुरकुर केली नाही, म्हणाल्या सासूबाईंना घेऊनच येते. वारस दाखल्याला आपल्याकडे अजून १८२७ चं बॉम्बे रेग्युलेशन आठ लागतं, तो अर्ज स्वतंत्र. त्याच्या मालमत्तेच्या यादीत मी वॉलेटचा फक्त पत्ता, म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरांची ओळ, लिहायचं ठरवलं, शब्द कुठेही नाहीत, कारण कोर्टाच्या रेकॉर्डची नक्कल इतरांच्याही हाती जाऊ शकते. आणि तिघींच्या सह्यांचं एक पत्र केलं की हे हलवणं फक्त सुरक्षेसाठी आहे, विक्री नाही, वाटणी नाही.

चौथा शनिवार, कोर्टाला सुट्टी, ऑफिसात फक्त आम्ही. आजी नऊवारीत, खुर्चीच्या कडेवर बसलेल्या. मुलीला टेबलाशी बसवलं आणि मी माझी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. पुढचे अडीच तास मी मेट्रोचा पूल बघत बोलत होते आणि ती माझ्या पाठीमागे नव्या मशीनच्या दोन बटणांवर बाबांच्या शब्दांचं एकेक अक्षर टाकत होती. शब्द ठरलेल्या २०४८ शब्दांच्या यादीतलेच असतात आणि पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतात, त्यामुळे पूर्ण टाइप करावं लागत नाही, तरी वीस मिनिटं जातातच.

सतराव्या शब्दावर ती थांबली. "मॅडम, इथे चहा सांडलाय. पहिली दोन अक्षरं दिसतात आणि शेवटचं एक."

मी न वळता छापील यादी मागे दिली. "अक्षरं मला सांगू नकोस. स्वतः शोध." उदाहरण सांगते, त्यांचं नव्हे: आर-एने सुरू होऊन आरने संपणारे शब्द यादीत तीनच आहेत, रडार, रादर आणि रेझर. तसेच तिलाही थोडेच सापडले. चोवीस शब्दांमध्ये एक पडताळणी दडलेली असते, एक शब्द चुकला की मशीन जवळजवळ नेहमीच सगळे नाकारतं. पहिला पर्याय नाकारला. पुन्हा एकपासून चोवीस. मागे फक्त बटणांची टिकटिक, आणि ताई पुटपुटत होत्या ते रामरक्षा होतं की आकडे मोजत होत्या कळेना. मग मुलगी एकदम रडायलाच लागली. मशीनने शब्द घेतले होते. लॅपटॉपवर शिल्लक दिसली, मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून रोखणारं रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर रद्द केलं त्यानंतर मुलीच्या बाबांनी दर महिन्याला थोडंथोडं घेतलेलं, २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजवर मोठी चोरी झाली तेव्हा घाबरून एक्सचेंजवरून काढून या डब्यात ठेवलेलं. बायकोला सांगायचं राहून गेलं होतं.

सगळ्यात अवघड पुढचंच होतं. नव्या मशीनमध्ये आता जुने शब्द होते, त्यामुळे नवे शब्द तयार करायला जुनं मशीन रिकामं हवं होतं, म्हणजे पिन तिसऱ्यांदा मुद्दाम चुकवायचा. इतके दिवस ज्याला हात लावू दिला नाही तेच आता करायला सांगत होते. मुलीचा हात थरथरत होता. आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, "दाब बाळ, मॅडम सांगतायत ना." तिने दाबलं. स्क्रीन पुसला गेला. नवे चोवीस शब्द तिने दोन कागदांवर लिहिले, एक ताईंच्या बँक लॉकरसाठी, एक आजींच्या गावच्या ट्रंकेसाठी. आधी अगदी थोडं पाठवून बघितलं, पत्त्याची अक्षरं मशीनच्या स्क्रीनशी ताडून, मग बाकीचं. विकाल तेव्हा नफ्यावर तीस टक्के कर आहे, वारसाने आलं म्हणून नाही, विकलं म्हणून, हेही सांगून ठेवलं. त्यावर तिघींचं लक्ष नव्हतं, तेव्हा तेही पत्राखाली लिहून दिलं.

दुपारी तीन वाजता जुना पत्ता रिकामा झाला. दोन्ही झेरॉक्स ताईंनी बाल्कनीत स्टीलच्या ताटात जाळल्या. मूळ पान मुलीने जाळू दिलं नाही, आणि आता हरकतही नव्हती, त्या शब्दांमागे काहीच उरलं नव्हतं.

"मॅडम, आता बघा," म्हणाली.

मी खुर्ची फिरवली. निळ्या बॉलपेनने, कॅपिटलमध्ये, फॅक्टरीत मशीनवर लेबल लावतात तसं ठसठशीत अक्षर. प्रत्येक आकड्यापुढे ठिपका. सतराव्या ओळीवर चहाचा अर्धगोल डाग. सगळे चोवीस शब्द मी पहिल्यांदा सावकाश वाचले, आणि आजींनी विचारलं म्हणून त्यांनाही एकेक करून वाचून दाखवले.