रिकाम्या जागेची राखण

ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि प्रोग्राम यांच्या बोलण्यात मला सगळ्यात आवडते ती न बोललेली जागा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोग्राम एक स्ट्रक्चर, म्हणजे ठरावीक रकान्यांचा अर्जच, भरतो आणि ‘आयऑक्टल’ नावाच्या कॉलने (ड्रायव्हरला काम सांगायच्या विनंतीने) कर्नलच्या, म्हणजे ड्रायव्हर जिथे राहतो त्या सिस्टीमच्या गाभ्याच्या, हवाली करतो. त्यात बहुधा ‘फ्लॅग्ज’ नावाचं एक फील्ड असतं; त्यातला एकेक बिट म्हणजे एकेका पर्यायाचं बटण. पहिल्या दिवशी त्याला काहीच काम नसतं. छापील अर्जावरच्या ‘येथे काही लिहू नये’ या रकान्यासारखं ते नुसतं बसून असतं.

पण जागा राखून भागत नाही, तिच्यावर पहारा लागतो. ड्रायव्हरने ते फील्ड तपासलंच नाही, तर एखादा प्रोग्राम मेमरीतला जुना कचरा त्यातून बिनदिक्कत पाठवतो आणि सगळं सुरळीत चालतं! पुढे त्यातल्या एका बिटाला अर्थ दिला की हाच प्रोग्राम कोलमडतो. आणि चालता प्रोग्राम मोडला तर दोष कर्नलचाच, याबाबत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स भलतेच कडक. म्हणजे जागा आहे, पण वापरायची सोय नाही. म्हणून शून्याखेरीज काहीही दिसलं की पहिल्या दिवसापासून ‘ईइनव्हॅल’ (‘माहिती अवैध’ सांगणारा एरर कोड) म्हणून परत पाठवायचं. फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ या जुन्या कॉलने अनोळखी फ्लॅगांकडे कायम काणाडोळा केला. अखेर २०२० मध्ये, लिनक्स ५.६ सोबत, ‘ओपनॅट२’ हा खडूस धाकटा भाऊ आणावा लागला.

या खडूसपणाचा प्रोग्रामलाही फायदाच. नवा फ्लॅग पाठवून बघायचा. नकार आला तर निमूट जुन्या वाटेने जायचं.

प्रोग्राम आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांच्यातल्या बोलण्याची ठरलेली भाषा म्हणजे २०१६ चं व्हल्कन; त्याची तऱ्हा वेगळी. तिथे बहुतेक स्ट्रक्चरं आधी आपला प्रकार सांगतात आणि मग एका पॉइंटरने पुढच्याकडे बोट दाखवतात. शेपूट हवं तेवढं वाढवा.

अशाच आणखी जुन्या भाषेची, ओपनजीएलची, कथा मात्र ऐकावी अशी. तिथे ड्रायव्हर सगळ्या एक्स्टेन्शनांची (मागाहून जोडलेल्या जादा सोयींची) नावं एकाच लांबलचक स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, द्यायचा. काही जुन्या गेम्सनी ती ठरावीक मापाच्या बफरमध्ये (मेमरीतल्या राखीव जागेत) कॉपी केली. कार्डं हुशार होत गेली, नावं वाढली, बफर उतू गेला. कार्ड शहाणं झालं म्हणून गेम मेला! २००८ च्या ओपनजीएल ३.० मध्ये नावं एकेक करून मागायची सोय आली, पण जुने गेम थोडेच नव्या रीतीने मागणार? शेवटी मेसा या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पाच्या ड्रायव्हरांमध्येच एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना बाहेरून देता येणारी सेटिंग, ठेवलं आहे. त्यात साल लिहायचं. त्यानंतर आलेल्या एक्स्टेन्शनांचं ड्रायव्हर नावही काढत नाही.