मंदावलेला पूल आणि चौथ्या कप्प्यातील डिस्क

माझ्याकडे सहा डिस्कचा रेड-झेड२ पूल आहे, म्हणजे झेडएफएस या फाइल-प्रणालीतला, दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती टिकवणारा एकत्रित साठा. त्याचा स्क्रब, म्हणजे सगळी माहिती वाचून पडताळण्याचे काम, एरवी सात तासांत उरकतो. या वेळी अकरा तास उलटूनही तो ३० टक्क्यांपुढे गेला नव्हता. पूलची स्थिती मात्र ‘ऑनलाइन’, आणि वाचन, लेखन व चेकसम (माहितीची पडताळणी-बेरीज) या त्रुटींच्या तिन्ही रकान्यांत शून्य. त्या शून्यांवर विसंबून मी पहिली संध्याकाळ नेटवर्क स्विच आणि सांबाची (नेटवर्कवर फाइली पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंग्ज तपासण्यात घालवली. स्क्रब नेटवर्कवरून चालत नाही, एवढे तरी सुरुवातीलाच सुचायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी ‘आयओस्टॅट’ ही प्रत्येक डिस्कचे काम मोजणारी आज्ञा विस्तारित रकान्यांसह दर पाच सेकंदांनी चालवली, तेव्हा चित्र लगेच स्पष्ट झाले. पाच डिस्कचा वाचनाचा प्रतीक्षाकाळ ९ ते १४ मिलिसेकंद होता आणि त्यांचा वापर २० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता. चौथ्या कप्प्यातील डिस्कचा प्रतीक्षाकाळ मात्र ६०० ते ९०० मिलिसेकंद आणि वापर सतत १०० टक्के होता. रेड-झेडमध्ये प्रत्येक मोठ्या ब्लॉकचे तुकडे अनेक डिस्कवर विखुरलेले असल्यामुळे बाकीच्या पाच जणी आपले काम संपवून हिची वाट पाहत बसल्या होत्या.

‘स्मार्ट’ अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यात, याच डिस्कपुढे ‘पास्ड’ (उत्तीर्ण) असे लिहिलेले होते, आणि ५ व १९७ क्रमांकाची मूल्ये, म्हणजे बदललेले व प्रलंबित सेक्टर, दोन्ही शून्य होती. यात विसंगती नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो. क्षीण झालेला सेक्टर पहिल्या प्रयत्नात वाचता आला नाही, तर तो पुन्हा हेडखाली येईपर्यंत तेवढा वेळ जातो, आणि असे पन्नास प्रयत्न झाले की ४०० मिलिसेकंद सहज संपतात. शेवटी वाचन यशस्वी होत असल्याने डिस्क त्रुटी कळवत नाही, फक्त उशीर करते.

१९९ क्रमांकाचे सीआरसी मूल्य, म्हणजे डिस्क व यंत्र यांच्यातील जोडणीवर झालेल्या त्रुटींची मोजणी, ४१ दिसल्यावर दोष केबलचा असावा, अशी आशा वाटली. पण हा आकडा कधीच खाली येत नाही, त्यामुळे तो आज वाढतो आहे का, एवढेच पाहण्यात अर्थ असतो. दोन तासांच्या सततच्या वाचनानंतरही तो ४१च राहिला. खात्रीसाठी यंत्र बंद करून दोन डिस्कचे कप्पे आपसांत बदलले, तर मंदपणा डिस्कबरोबर दुसऱ्या कप्प्यात गेला.

याच निमित्ताने त्रुटी-दुरुस्तीची मुदत, म्हणजे न वाचता येणाऱ्या सेक्टरसाठी डिस्क किती वेळ प्रयत्न करत राहते, ती तपासली. नॅससाठीच्या (नेटवर्कवरील साठवण-यंत्रासाठीच्या) डिस्क साधारण सात सेकंदांत प्रयत्न सोडतात. माझ्या या डेस्कटॉप डिस्कवर ही मर्यादा बंद होती. लिनक्स मात्र एका कमांडसाठी सहसा ३० सेकंदच थांबते आणि नंतर जोडणी रीसेट करते. ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने मुदत ७० वर (एकक सेकंदाचा दहावा भाग) लावली, पण वीज गेल्यावर ती विसरली जाते, म्हणून ती आज्ञा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घातली आहे.

शेवटी डिस्क ऑफलाइन केली. एका डिस्कची सुरक्षितता शिल्लक असल्याने तेवढा धोका पत्करला. स्क्रबचा वेग काही मिनिटांतच पूर्ववत झाला. नव्या डिस्कवर रिसिल्व्हर (माहितीची पुनर्बांधणी) पूर्ण झाले आहे. काढलेल्या डिस्कची दीर्घ चाचणी ९० टक्के बाकी असतानाच ‘वाचन अयशस्वी’ म्हणून थांबली, आणि १९७चे मूल्य आता ८ दाखवते.