कॅप्टनचं का ऐकतात?

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा साखळीहून आमच्याकडे मांद्रेला आला होता. दहा वर्षांचा आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघांनी टीव्हीवर २०१२चा ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ हा सुपरहिरोंचा चित्रपट पाहिला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो म्हणाला, “मावशी, कॅप्टन अमेरिकाला उडता येत नाही, वीज पाडता येत नाही. हातात ढाल तेवढी. मग थॉर आणि आयर्न मॅन त्याचं का ऐकतात?”

हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्या चित्रपटातला माझा सगळ्यात लाडका प्रसंग म्हणजे त्याचंच उत्तर आहे. अर्धा चित्रपट ही मंडळी आपसात भांडत असतात. थॉर आणि आयर्न मॅन जंगलात एकमेकांना बडवतात, उडत्या जहाजावर सगळे एकमेकांची उणीदुणी काढतात आणि खलनायक लोकीला नेमकं तेच हवं असतं. मग न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनवर आकाशाला भोक पडतं, त्यातून चिटाउरी हे परग्रहावरचे सैनिक उतरू लागतात आणि कॅप्टन भर रस्त्यात उभा राहून कामं वाटतो. तिरंदाज हॉकआयने छपरावरून नजर ठेवून शत्रू कुठून येतोय ते सांगायचं. आयर्न मॅनने कडा सांभाळायची, कुणाला बाहेर निसटू द्यायचं नाही. थॉरने विजेने ते भोक अडवायचं. गुप्तहेर नताशाने कॅप्टनबरोबर खाली रस्त्यावर राहायचं. अजस्र हल्कला नुसतं “स्मॅश!”, म्हणजे फोडून काढ, ते तर पोरांना पाठच आहे. कुणाची ताकद कुठे लावायची, हे त्या एकट्याला दिसत असतं. आणि लढाई संपल्यावर, अगदी शेवटी, सगळे दमून एका हॉटेलात बसतात आणि एक शब्द न बोलता शोर्मा खातात.

हे सगळं मी त्याला रात्री सांगितलं नाही. “पहाटे उठशील?” एवढंच विचारलं.

आमच्या किनाऱ्यावर अजून अधूनमधून रापण ओढतात. होडी अर्धगोल फिरून समुद्रात जाळं टाकते, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगांत ते ओढतात. पाण्याकाठी दोर धरायचा, पाठी पाठी चालत वर यायचं, टोकाला पोचलं की सोडून पुन्हा धावत पाण्याकाठी जायचं. एक रांग पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली तर जाळं तिरकं होतं, मासळी निसटते. म्हणून तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, दोराला हात न लावता मध्ये उभा असतो आणि पाण्याकडे बघून ओरडतो, “सावकास ओडा रे, सावकास!” त्याच्याहून दांडगे गडी दोन्ही रांगांत असतात. पण जाळं कुठे अडलंय, कुठे सैल पडलंय ते त्याला दिसतं.

माझे बाबा आयुष्यभर या दोरावर होते. तळहाताला हात लावला तर खरखरीत लाकडासारखा लागायचा. सत्तरच्या दशकात ट्रॉलरनी किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडायला सुरुवात केली, तेव्हा गोव्याचे रापणकार एकवटून रस्त्यावर उतरले. त्यांच्या पुढे माथानी सालढाणा होते, पेशाने शिक्षक. १९८० साली मासेमारीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. ही गोष्ट बाबांनी मला इतक्या वेळा सांगितली की पडद्यावरच्या कुठल्याही लढाईआधी तीच डोळ्यांपुढे येते.

‘स्पायडर-मॅन २’मध्ये, २००४ सालच्या, धावत्या आगगाडीचा प्रसंग आहे. पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, पुढच्या टोकाला उभा राहून दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी फेकतो आणि ते दोर दोन्ही हातांत धरून गाडी थांबवतो. पहिल्यांदा पाहताना मला रापणच आठवली, फक्त दोन्ही रांगांचं काम तो एकटा करत होता. म्हणूनच तो कोसळतो. मग डब्यातली माणसं त्याला आत घेतात, हातांवर उचलून डोक्यांवरून मागे मागे नेतात, अलगद खाली ठेवतात. तो किती कोवळा पोर आहे ते बघून गप्प होतात. तिथे माझे डोळे दर वेळी भरून येतात.

पुढच्या चित्रपटांत नायकांची गर्दी फार झाली असं मला वाटतं. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ मी २०१९मध्ये पणजीला पाहिला. सगळे एकदम अवतरतात तेव्हा मीही इतरांसारखी ओरडले. पण मनात राहिला तो, खलनायकाच्या हाती लागू नये म्हणून पळवलेल्या, जादुई खड्यांच्या हातमोज्याचा प्रवास. हॉकआयकडून ब्लॅक पँथरकडे, त्याच्याकडून स्पायडर-मॅनकडे, मग कॅप्टन मार्व्हलकडे. धरायचं, पळायचं, पुढच्याच्या हाती द्यायचं. आमच्या दोरावरचीच रीत.

तर पहाटे आम्ही गेलो. पोराने थोडा वेळ नुसतं पाहिलं, मग डाव्या रांगेत घुसला. दोर ओला, जड आणि वाळूने भरलेला. पाच-सहा फेऱ्यांत त्याचे हात लाल झाले, पण हटला नाही. तांडेल एकदा त्याच्यावरही खेकसला, पुढच्या गड्यासारखाच. जाळं वर आलं, वाटे पडले आणि त्यालाही दोन बांगडे आणि मूठभर तारले मिळाले. टोपीत घेऊन तो माझ्याकडे धावत आला.

मग सगळे होडीच्या सावलीत बसले. कुणीतरी पातळभाजी आणि पाव आणले होते, किटलीत चहा होता. कुणी बोलत नव्हतं. माना खाली, पाव भाजीत बुडवायचा आणि खायचा. पोरगा एकेकाकडे बघत राहिला आणि मग त्याने मला कोपराने ढोसलं.

“मावशी,” तो कुजबुजला, “शोर्मा!”