पाचावर अडकलेला मीटर

इंदूरच्या जेल रोडवर माझं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे दिवसभर मोबाईलच येतात. गेम कन्सोल महिन्याला दोन-चार, आणि तेही कॉलेजची पोरं आणतात. त्यामुळे त्या शनिवारी पासष्टीच्या एक काकू सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला निन्टेंडो स्विच घेऊन काउंटरपाशी आल्या, तेव्हा मी विचारलं, "नातवाने पाठवलं का दुरुस्तीला?"

"नातू ओसाकाला आहे," त्या म्हणाल्या. "खेळते मी."

बाहेर श्रावणाची झड लागली होती. सुदामा नगरातून ई-रिक्षाने आल्या होत्या, साडीचा काठ चिंब, पण ती पुरचुंडी कोरडी. त्यांनी आधी कन्सोल ठेवला, मग पिशवीतून चौकटींची शाळकरी वही काढून त्याच्या शेजारी ठेवली.

मागच्या दिवाळीत मुलगा-सून-नातू इथे आले होते. नातवाने या यंत्रात शेतीचा एक खेळ खेळून शेत केलं, आणि जाताना यंत्र आजीपाशी ठेवून सांगून गेला की रोज पाणी घाल, मी पुढच्या दिवाळीत येऊन बघेन. वहीत तारखेवार नोंदी होत्या. "मुळे लावले, चार दिवसांत येतात." "पाऊस, पाणी नको." "कोंबडीला चारा दिला." एका पानावर विहिरीकडे जायचा रस्ता पेन्सिलीने काढलेला. यंत्रातली भाषा जपानी, म्हणून कोणत्या चित्रावर दाबलं की काय होतं, तेही मराठीत लिहून ठेवलेलं.

नऊ दिवसांपूर्वी ते यंत्र बंद पडलं. माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका दुकानाने ते दोन दिवस ठेवून घेतलं होतं आणि सांगितलं होतं की मदरबोर्ड गेला, चौदा हजार लागतील. काकूंनी तिथे एकच विचारलं, "शेत राहील का?" उत्तर मिळालं, "फिरसे खेल लेना, आंटी."

हे ऐकून मला राग आला, आणि तो आजही आहे. स्विचमध्ये खेळाची प्रगती यंत्राच्या आतल्या मेमरीत असते. बाहेरच्या कार्डावर ती उतरवता येत नाही. ती मेमरी वेगळ्या छोट्या बोर्डावर असली, तरी तिच्यातला मजकूर ज्या कुलपाने बंद असतो, त्याची किल्ली मुख्य प्रोसेसरपाशी असते. दुसरा मदरबोर्ड लावला, तर यंत्र चालू होईल, पण शेत गेलं. प्रगतीची प्रत इंटरनेटवर ठेवणारी क्लाऊडची वर्गणी काकूंनी घेतलेली नव्हती. म्हणजे चौदा हजार देऊन त्यांना नेमकी तीच वस्तू परत मिळणार नव्हती, जिच्यासाठी त्या पावसात आल्या होत्या. ग्राहकाला हे न सांगता बोर्ड बदलणं मला चोरीसारखंच वाटतं.

वॉरंटीचा प्रश्नच नव्हता. स्विच निघाला २०१७ साली, पण भारतात अधिकृत विक्रीला आलाच नाही. जपानची वॉरंटी जपानात. अशा मालाला मग आमच्यासारख्यांचाच आधार असतो, आणि म्हणूनच आम्ही जास्त जपून बोलायला हवं.

आधी मला वेगळीच शंका आली. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. जुन्या काळातली जपानी कन्सोलं इथल्या भिंतीत सरळ लावली की धूरच काढायची, अशी मी कितीतरी उघडली आहेत. पण या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं होतं. तो निर्दोष. मग मी यूएसबी मीटर मध्ये लावून यंत्राला चार्जर जोडला. पाच व्होल्ट, शून्य पॉइंट चार अँपिअर, आणि काटा तिथेच. निरोगी यंत्र चार्जरशी आधी बोलणी करतं आणि पंधरा व्होल्ट मागून घेतं. इथे बोलणीच होत नव्हती.

"काकू, हे टीव्हीला कशावर लावत होता?"

डोळे कमी दिसतात म्हणून भाच्याने बाजारातून एक स्वस्त डॉक आणून दिला होता, त्यावर. सुदैवाने तो पिशवीत होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा प्लग धरला आणि बोटाने हलवला, तर जीभ आत डुगडुगत होती. टाइप-सीच्या त्या चिमुकल्या तोंडात वीज आणणारी पिन आणि बोलणी करणारी पिन शेजारी-शेजारी असतात, मध्ये अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. प्लग जरा तिरका बसला की पंधरा व्होल्ट शेजारच्या पिनेत शिरतात, आणि तिच्यामागे बसलेली एम९२टी३६ नावाची चिप ते सोसू शकत नाही. मी काकूंना तो प्लग पडद्यावर मोठा करून दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे मीच जाळलं," म्हणाल्या.

"तुम्ही नाही. या प्लगाने."

मग त्यांना स्पष्ट सांगितलं. चिप गेली असेल, तर बोर्ड तोच राहील आणि शेतही राहील. अठराशे रुपये. पण चिप काढताना बोर्डाला काही झालं, तर मलाही परत आणता येणार नाही, आणि तेव्हा पैसे घेणार नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्या आईचं असतं तर उघडलं असतंस?" मी म्हणालो, "हो." तेवढं पुरलं त्यांना.

मागचे तीन पाकळ्यांचे चार स्क्रू. त्यातला एक आधीच्या दुकानाने हरवला होता. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. मल्टिमीटरचं टोक त्या चिपशेजारच्या कपॅसिटरवर ठेवलं आणि बीप वाजला. तिथे शॉर्ट. माझ्याकडे तसली एकच नवी चिप होती, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेली. करंगळीच्या नखाहून लहान, पाय नसलेली, पोटानेच बोर्डावर टेकणारी.

आजूबाजूला ताप सोसणारी कॅप्टॉन टेप लावली, सोल्डर नीट वाहावं म्हणून फ्लक्स सोडला, गरम हवा दिली. कारखान्यातलं शिशाविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, आपलं शिशाचं १८३ला, म्हणून आधी थोडं आपलं मिसळून घेतलं की कमी तापात काम होतं. चिप हलायला लागली आणि त्याच क्षणी लाईट गेली. पावसात जेल रोडला हे नवं नाही. हातातली चिमटी तशीच वर धरून मी अंधारात उभा. अर्धवट तापलेल्या चिपला ओढलं, तर खालच्या तांब्याच्या खुणा उपटून येतात. हात लावायचा नाही, थंड होऊ द्यायचं, पुन्हा पहिल्यापासून. माझा कारागीर टॉर्च आणायला धावला. काकू स्टुलावर बसून होत्या, एकदाही "काय झालं" म्हणाल्या नाहीत.

वीस मिनिटांनी वीज आली. जुनी चिप सुटली, खालच्या खुणा शाबूत होत्या. नवी बसवली, बोर्ड निवू दिला, मीटर लावला.

पाच व्होल्ट. शून्य पॉइंट चार.

त्या वेळी पोटात खड्डा पडला, हे खरं. शॉर्ट गेलेला, चिप नवी, तरी काटा तिथेच. पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. चिपच्या एका कोपऱ्यात सोल्डरची कड मंद दिसत होती. बाकी तिन्ही बाजू चकाकत होत्या. तो कोपरा धरलाच नव्हता. पुन्हा फ्लक्स, पुन्हा हवा, चिमटीच्या टोकाने चिपला हलकासा टेकू दिला आणि ती पाण्यावरच्या पानासारखी सरकून आपल्या जागी बसली.

या वेळी मीटर पाचावर क्षणभर थांबला आणि पंधरावर गेला. कारागीर ओरडला, "भिया, ले लिया!"

बॅटरी पार खाली गेली होती, म्हणून पडदा उजळायला दहा-बारा मिनिटं गेली. मी यंत्र काकूंच्या हातात दिलं. जपानी अक्षरांच्या रांगेतून त्यांचा अंगठा न अडखळता खेळापर्यंत गेला. शेत उघडलं. खेळात वेळ खेळतानाच पुढे सरकते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नऊ दिवसांत सगळं सुकलं असेल असंच धरून त्या आल्या होत्या. मुळ्यांची रांग हिरवी होती.

त्यांनी आधी सगळ्या रांगांना पाणी घातलं. शेवटची रांग होईपर्यंत कोणी काही बोललं नाही. मग पर्स उघडून अठराशे मोजून दिले. डॉकचा प्लग मी त्यांच्यादेखत कापला आणि सांगितलं, यापुढे फक्त जपानहून आलेला हाच चार्जर. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली तारीख टाकली, आणि तारखेपुढे लिहिलं: "पाणी घातलं."