ग्राफिक, ग्राफिक

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी काय काम करतो, ते आई शेजाऱ्यांना असं सांगते: "अमेरिकेतल्या लोकायच्या तक्रारी ऐकते, रातभर." फार चुकीचं नाही. टेबलाभोवती बसून खेळायच्या कथाखेळांची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या परदेशी कंपनीच्या सपोर्टला मी घरून काम करतो. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला, त्याच घराण्यातले हे खेळ. एक जण गोष्ट चालवतो, तो गेम मास्टर. बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा. तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी, बहुतेक कोपरा दुमडलेल्या पुस्तकांची आणि न उघडणाऱ्या लिंकांची. नियम विचारणाऱ्याला बहुतेक वेळा नियम ठाऊक असतो. त्याला टेबलावरच्या भांडणात आमचा निकाल हवा असतो.

वेचणीचे दिवस होते. गुरुवारी रात्री नऊच्या सुमारास एक तिकीट माझ्याकडे ढकललं गेलं. बाई दृष्टिहीन, स्वतः गेम मास्टर, शनिवारी घरी खेळ. आमच्या बत्तीस पानी साहसकथेची पीडीएफ विकत घेतलेली, पण स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती नीट वाचता येईना. आमच्या दोन सहकाऱ्यांनी तिला "दुसऱ्या ॲपमध्ये उघडून पाहा" हे तयार उत्तर चिकटवलं होतं, तेही दोनदा. तिसऱ्या मेलमध्ये बाईनं तक्रार केलीच नव्हती. तिच्या कानावर जे पडत होतं, ते जसंच्या तसं टाइप करून पाठवलं होतं. सरायची मालकीण बोलायला तोंड उघडते आणि वाक्याच्या मधूनच लांडगे येतात. लांडगे झेप घेतात आणि पुढे भाकरीची किंमत.

एनव्हीडीए हा रीडर फुकट मिळतो. तो उतरवून घेतला आणि ओसरीवर स्पीकर लावून फाइल चालवली. कारण पहिल्याच पानावर कळलं. दोन स्तंभांच्या पानाला वाचनाचा क्रमच लावलेला नव्हता, त्यामुळे यंत्र डावी ओळ वाचून सरळ उजव्या ओळीवर जात होतं. पानामागे जुन्या चर्मपत्राचं चित्र होतं. ते नुसती सजावट आहे अशी खूण केली की रीडर ते गाळतो. कोणी केली नव्हती, म्हणून प्रत्येक पानाच्या सुरुवातीला "ग्राफिक". आणि ज्याच्यावाचून खेळ अडतो तो वीस ओळींचा तक्ता, म्हणजे फाशावर आकडा पडला की रस्त्यात कोण भेटतं ते, डिझायनरनं चित्र म्हणून चिकटवलेला. वीस ओळींच्या जागी एकच शब्द: ग्राफिक. त्या तक्त्याच्या वेलबुट्टीचं कंपनीत केवढं कौतुक झालं होतं!

मोठेबाबा बाजेवर पडून ऐकत होते. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. इंग्रजी कळत नाही, तरी म्हणाले, "काय वाचून राह्यलं बे हे? श्वास कुठं घ्या लागते, याले समजत नाही का?" मग सगळं सांगितलं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता: "ते बाई फासा कसा वाचते?" ते स्वतः अजून चिंचोक्यांवर अष्टचंग खेळतात. एक अंग घासून पांढरं केलेलं असतं, त्यावर अंगठा फिरवून दान सांगतात, आणि समोरच्यानं दान चोरलं की शिवी घालतात.

कथा मी नव्यानं साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या रूपात, बसवली. प्रत्येक खोलीला मथळा दिला, म्हणजे 'एच' दाबत थेट उडी मारता येते. तक्त्यात आकडा आधी, मग नाव, मग काय घडतं ते. लांडग्यांचे हिट पॉइंट्स, म्हणजे ते किती मार सोसतील तो आकडा, ओळीच्या शेवटी होते ते पुढे आणले, कारण खेळ रंगात असताना पूर्ण ओळ ऐकत बसायला कोणाला सवड असते? मध्ये लाइट गेली तेव्हा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, लॅपटॉपच्या बॅटरीवर रेटलं. पहाटे फाइल पाठवली आणि मोठेबाबांचा प्रश्नही खाली लिहिला.

बाईचं उत्तर शुक्रवारी आलं. तिचे फासे ब्रेलचे आहेत. चार बाजूंचा मात्र तिला आवडत नाही, त्याला वरची बाजूच नसते.

सोमवारी टीम लीडनं झापलं. मोकळा मजकूर बाहेर गेला, उद्या ती फाइल कोणीही वाटत सुटेल. मी म्हटलं, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांचा चारशेवर पानांचा मूळ दस्तऐवज जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला झाला आहे, आपले लांडगे तिथलेच आहेत. कथा आपली हे खरं, पण तिचे पैसे तिनं भरलेत. उत्तर मिळालं, "एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल." अगदी तेच तर मी म्हणत होतो! पण मीटिंगमध्ये मला तेवढं पटकन सुचत नाही.

तिकिटावर 'रिझॉल्व्हड' लागलं. पीडीएफ आजही तीच विकली जाते. काल याच साहसकथेबद्दल दुसऱ्या कोणाचा तरी मेल आला, पहिलीच ओळ स्क्रीन रीडरची. फाइल डेस्कटॉपवर आहे. उत्तर अजून दिलेलं नाही.