जाकोसारखा आवाज हवाय, फ्रेट काढून द्याल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बास गिटार दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाकडे हा प्रश्न येतो, शब्द थोडे बदलतात इतकंच. विचारणाऱ्याला जाको पास्टोरियस हा अमेरिकी जॅझ बासवादक कोण हे सांगावं लागत नाही. त्याची १९७६ ची पहिली रेकॉर्ड पाठ असते, वेदर रिपोर्ट या त्याच्या बँडचं 'हेवी वेदर' पाठ असतं आणि त्या १९६२ च्या फेंडर जॅझ बासचे फोटो मोबाइलमध्ये असतात. फ्रेट, म्हणजे तारा दाबायच्या पट्टीवरचे धातूचे आडवे उंचवटे, उपटले की निम्मं काम झालं, असा पक्का समजही असतो.

उत्तर एका वाक्यात देता येतं: फ्रेट काढल्याने तुमचा बास फ्रेटलेस होईल, जाकोचा होणार नाही. या उत्तराने समोरच्याचं समाधान होत नाही. माझंही पुरतं होत नाही, म्हणून ही लांबण.

फ्रेटलेस इलेक्ट्रिक बास जाकोने शोधलेला नाही. अँपेगने तो १९६६ मध्ये बाजारात आणला होता, फेंडरचा फ्रेटलेस प्रेसिजन १९७० पासून मिळत होता. पण त्यावर बहुतेक जण सपाट गुंडाळीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा लावत. हेतू डबल बासच्या जवळ जाण्याचा. आवाज गोल, मऊ, थोडा बसका. जाकोला नेमकं उलटं हवं होतं. त्याने रोटोसाउंडच्या स्विंग बास ६६ या स्टीलच्या राउंडवाउंड, म्हणजे गोल गुंडाळीच्या, तारा लावल्या. या तारांना लखलखीत धार असते, पण त्या कानशीसारख्या खरखरीतही असतात. फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारा दाबायच्या पट्टीच्या, उघड्या रोझवूडवर त्या रोज घासल्या तर लाकडात चर पडतात. म्हणून त्याने फिंगरबोर्डवर होड्यांना लावतात ते इपॉक्सी हे टणक होणारं रसायन चढवलं. लोक इपॉक्सीला त्या आवाजाचं रहस्य मानतात. ते आधी तारांपासून लाकूड वाचवण्यासाठी आलं, आवाजातला फरक त्याच्या मागोमाग आला.

तो फरक समजायला सरोद आठवा. सरोदच्या पट्टीवर पोलादी पत्रा का असतो आणि तार नखाने का दाबतात? मऊ बोट आणि मऊ लाकूड तारेतले वरचे स्वरांश गिळतात. टणक पृष्ठभागावर तार लांब बोलते आणि मींड मध्येच विझत नाही. इपॉक्सी चढवलेला बास रोझवूड आणि सरोदचा पत्रा यांच्या मध्ये कुठेतरी बसतो.

जाकोने फ्रेट कसे काढले? लोण्याच्या सुरीने, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बास आपल्या हाती आला तेव्हा फ्रेट आधीच निघालेले होते, असंही त्यानेच कधी सांगितलं आहे. गोष्टी रचण्यात तो पटाईत होता. पण सुरीची गोष्ट लोकांना इतकी आवडते की त्या भरात चांगले बास कायमचे वाया जातात. म्हणून हे काम नीट कसं होतं ते सविस्तर सांगतो.

आधी तारा उतरवायच्या, ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली (बासच्या मानेतली) बाक सांभाळणारी सळई, ढिला करायचा. सोल्डरिंग आयर्नचं टोक फ्रेटवर फिरवत राहायचं, म्हणजे जुना गोंद सुटतो आणि लाकडाची पकड सैल होते. मग तोंड सपाट घासून घेतलेल्या पकडीने एका टोकापासून फ्रेट चिमटत, पकड थोडी थोडी पुढे सरकवत तो वर आणायचा. हिसका द्यायचा नाही. फ्रेटच्या खालच्या पात्याला बारीक दात असतात. हिसका बसला की त्यांच्याबरोबर रोझवूडचे टवके निघतात. निघालेला टवका टाकून द्यायचा नाही, पातळ सुपरग्लूने तिथल्या तिथे चिकटवायचा.

जॅझ बासला वीस फ्रेट, म्हणजे आता वीस रिकाम्या खाचा, प्रत्येक साधारण अर्धा मिलिमीटर रुंद. घरी हे करणारे इथेच थांबतात आणि इथेच फसतात. ती वीस पाती पाचरीसारखी नेकला मागे रेटून धरत होती. ती एकदम गेली आणि चार तारांचा पाऊणशे किलोच्या आसपासचा ताण पुन्हा आला की नेक पुढे वाकतो, आणि मग ट्रस रॉड कितीही आवळा, पुरत नाही. म्हणून खाचा भरायच्या, मेपलच्या पातळ पट्ट्यांनी. पट्टी बोटाने दाबून सरकेल एवढीच घट्ट हवी. हातोडीने ठोकावी लागली तर नेक उलटा, मागे वाकतो आणि तेही तितकंच वाईट. जाकोच्या बासमध्ये वुड फिलर भरलं होतं. ते सुकताना आकसतं, आज कुणी वापरू नये. फिकट मेपल गडद रोझवूडवर रेघांसारखं दिसतं, त्या रेघा राहू द्याव्यात. जाकोच्याही होत्या.

मग इपॉक्सी. जुन्या फेंडरच्या फिंगरबोर्डची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, त्यामुळे ओतलेलं इपॉक्सी मधून कडांकडे ओघळतं. कडेने टेपचा बांध घालायचा आणि पातळ थर एकावर एक द्यायचे. दोन भागांचं प्रमाण काट्यावर मोजून घ्यायचं. अंदाजाने मिसळलेलं इपॉक्सी चिकटच राहतं, त्याला नंतर उपाय नसतो, सगळं खरवडावं लागतं. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत कडक होताना त्यावर मेणचट साय धरते. ती पाण्याने धुऊन, घासून काढली नाही तर पुढचा थर तिच्यावर नुसता बसतो, धरत नाही, आणि काही महिन्यांनी पापुद्रा सुटतो. शेवटी त्याच गोलाईच्या लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून बोर्ड एकसारखा करायचा. तेव्हा मास्क हवा, कच्चं इपॉक्सी हाताळताना हातमोजे हवेत. या रसायनाची त्वचेला एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती आयुष्यभर पुरते.

अजून संपलं नाही. फ्रेट साधारण मिलिमीटरभर उंच असतो. तो गेला की तार तेवढीच वर लटकत राहते. नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा खोल कराव्या लागतात, इतक्या की नटपाशी तारेखाली जेमतेम कागद सरकावा. दुसऱ्या टोकाला तारा ज्यांवर टेकतात ते ब्रिजचे सॅडल खाली आणायचे. ते तळाला टेकले तर नेकच्या खोबणीत ब्रिजच्या बाजूला पातळ पाचर घालायची. नेक जवळपास सरळ, अगदी किंचित बाक ठेवून. हे जमलं तर तार वाजताना बोर्डला हलकी घासत उमलते आणि तो 'म्वाँ' ऐकू येतो. नट तसाच उंच ठेवला तर बाकी सगळं करूनही येत नाही. 'फ्रेट काढले पण आवाज आला नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बासचा नट मी सगळ्यात आधी बघतो.

एवढं करून हातात येतो एक चांगला फ्रेटलेस बास.

पूर्वी मी इथे ठरलेलं वाक्य टाकायचो: आवाज बोटांत असतो. वाक्य सोयीचं आहे, ऐकणारा गप्प बसतो. पण बोटांत म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही. जाकोच्या बाबतीत ते बरंचसं सांगता येतं. उजवा हात ब्रिजजवळच्या पिकअपवर, म्हणजे तारेचा कंप टिपणाऱ्या चुंबकावर, आवाज मुख्यत्वे त्याच पिकअपचा. तिथे तार ताठ लागते, खर्ज कमी आणि मधला पट्टा पुढे येतो. बोट हलकं, पण प्रत्येक स्वराची सुरुवात टोकदार. डाव्या हाताचं बोट रेघेच्या मागे नाही, बरोबर रेघेवर. आणि कंप गिटारसारखा तार आडवी ओढून नाही, तर व्हायोलिनसारखा तारेच्या दिशेने बोट डोलवून. ३४ इंची बासवर पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या रेघांमध्ये सुमारे ४६ मिलिमीटर असतात, बाराव्याच्या पुढे तेवढ्याच अर्ध्या स्वराला २४. अर्ध्या स्वराच्या विसाव्या भागाइतकं बेसूर व्हायला खाली बोट सव्वादोन मिलिमीटर चुकावं लागतं, वर सव्वाच पुरतो. जाको वरच्या भागात भरधाव वाजवतानाही सुरात असतो. बोटांत असतो तो हा हिशोब.

तरी ते वाक्य आता मला पूर्वीइतकं पटत नाही. त्याच बोटांना जाकोचा अकूस्टिक ३६० अ‍ॅम्प, त्याचा अठरा इंची स्पीकर, ती खरखरीत तार आणि तो टणक बोर्ड मिळाला नसता, तर बोटांत होतं ते बाहेर आलं असतं का? सामान काहीच नाही असं म्हणणारे बहुधा चांगलं सामान वापरणारेच असतात.

पण जे मिळवायला पैसे लागत नाहीत, तिकडे बघायला कुणी तयार नसतं, याचा मला खरा वैताग आहे. 'म्वाँ' सगळ्यांना हवा, एका ठोक्याचे चार भाग करत जाणारी चाल कुणालाच नको. फ्लोरिडात वाढलेला हा माणूस आधी ड्रम वाजवायचा. वेन कॉकरनच्या सोल बँडमध्ये त्याने बास वाजवला, क्यूबन ताल आणि कॅरिबियन स्टील ड्रम त्याच्या कानात होते. पहिल्या रेकॉर्डवरचं 'कम ऑन, कम ओव्हर' ऐका. निम्मे ठोके दाबलेले, स्वर नसलेले, नुसता टक् आवाज. त्या मुक्या ठोक्यांवर सगळं गाणं चालतं, आणि ते फ्रेटवाल्या बासवर अगदी तसंच शिकता येतं. त्याच रेकॉर्डवरचं 'डोना ली' बघा. बीबॉप या जॅझ शैलीतली अवघड म्हणून गाजलेली चाल, सोबत फक्त डॉन अलायसचे काँगा. थक्क करतो तो वेग, पण टिकतं ते वेगळंच: मागे एकही कॉर्ड वाजत नसताना एकट्या बासच्या ओळीतून सगळी हार्मनी ऐकू येते.

हार्मॉनिक्सचंही, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या स्वरांचंही, तसंच. 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' ऐकून लोक तारेवर बोट फिरवत चमकणारे स्वर शोधत बसतात. शोधायची गरज नाही, जागा ठरलेल्या आहेत. ३४ इंच म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. तारेचा पाचवा भाग नटपासून १७२.७ मिलिमीटरवर, चौथ्या फ्रेटच्या थोडा अलीकडे. सहावा १४३.९ वर, तिसऱ्याच्या जरा पुढे. सातवा १२३.४ वर, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. हे फ्रेटच्या वर पडत नाहीत, म्हणून नवशिक्याला सापडत नाहीत. पाचव्या भागावरचा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला असतो, तानपुऱ्यात आपोआप ऐकू येतो तोच. फ्रेट असोत वा नसोत, या जागा हलत नाहीत.

प्रभाव म्हणाल तर त्याने एका अख्ख्या पिढीला अडचणीत टाकलं. १९७७ नंतर फ्रेटलेस उचलणाऱ्या प्रत्येकावर 'जाकोची नक्कल' हा शिक्का आधीच बसलेला असायचा. ज्यांनी त्याला खरं पचवलं ते त्याच्यासारखे ऐकू येतच नाहीत. मार्कस मिलरने फ्रेटवाला बास आणि अंगठ्याचा ठोका सोडला नाही, पण माइल्स डेव्हिसच्या १९८९ च्या 'अमांडला'साठी 'मिस्टर पास्टोरियस' लिहिलं. पिनो पलाडिनोने फ्रेटलेस पॉप गाण्यात नेला आणि तिथे तो गायकाइतका ऐकू आला. कॅमेरूनमध्ये रिचर्ड बोनाने ती पहिली रेकॉर्ड ऐकली आणि गिटार सोडून बास धरला. आज त्याच्या वाजवण्यात कॅमेरून आधी ऐकू येतं.

फ्रेटचं बोलणं संपलं की हमखास दुसरा प्रश्न येतो: 'पण तो वेडा होता ना? त्याशिवाय असं वाजत नाही.' याचा मला राग येतो. तारखा बघा. पॅट मेथेनीबरोबरची रेकॉर्ड १९७६, पहिली स्वतःची रेकॉर्ड १९७६, जोनी मिचेलचं 'हेजिरा' १९७६, 'हेवी वेदर' १९७७, 'वर्ड ऑफ माउथ' १९८१. बायपोलर आजाराचं निदान १९८२ चं. त्यानंतर दारू, न्यूयॉर्कच्या बागांमध्ये काढलेल्या रात्री, १९८६ मध्ये रुग्णालय, त्याच वर्षी तो बास चोरीला. तो बास वीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्येच सापडला आणि मेटालिकाच्या रॉबर्ट ट्रुहीयोच्या मदतीने सोडवून आणला गेला. सप्टेंबर १९८७ मध्ये फ्लोरिडात सांतानाच्या कार्यक्रमात जाको मंचावर घुसला, त्याला बाहेर काढलं. त्याच रात्री एका क्लबच्या दारावरच्या माणसाने त्याला इतकं मारलं की तो शुद्धीवर आलाच नाही. २१ सप्टेंबरला तो गेला, वय ३५. आजार वाढत गेला तसं संगीत कमी होत गेलं, हे इतकं उघड आहे.

पण इथेही मी पूर्ण ठाम नाही. वेदर रिपोर्टचा कीबोर्डवादक जो झाविनुल याला गाठून जाकोने आपण जगातले सर्वांत मोठे इलेक्ट्रिक बासवादक असल्याचं सांगितलं, ते वेदर रिपोर्टमध्ये यायच्या आधीचं. तो नुसता आत्मविश्वास होता की आजाराची पहिली चाहूल, हे कुणी कसं ठरवणार? आणि ते बोलला नसता तर झाविनुलच्या लक्षात राहिला असता का? आजाराने संगीत दिलं नाही, हे माझं म्हणणं मी सोडत नाही. फक्त दोन्हींमध्ये रेघ कुठे ओढायची ते मला येत नाही.

तेव्हा तुमच्या बासचं. फेंडर पद्धतीचा नेक चार स्क्रूंवर बसतो. वेगळा फ्रेटलेस नेक मिळतो, तो घ्या, त्यावर इपॉक्सी चढवू, जुना नेक कापडात गुंडाळून ठेवा. नाही आवडलं तर पंधरा मिनिटांत परत. यावर तुम्ही म्हणाल, जाकोच्या बासला काही दुसरा नेक ठेवलेला नव्हता. नव्हता, खरं आहे. तरीही मी दुसराच नेक सुचवेन. उपटायचेच असतील तर दिवाळीनंतर आणा.